पाणी जास्त असताना नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या कोणी आहेत का इथे?

जाईजुई_
नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरं बाळंतपण आहे. ३५ वा आठवडा संपत आलाय. सोमवारच्या सोनोग्राफीत एएफआय (गर्भजलाचं माप) २७ आला आणि रिपोर्टवर 'माइल्ड पॉलिहायड्रॅम्निऑस' असं लिहून दिलंय. डॉक्टर म्हणाल्या, लायकर, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी, थोडं जास्त आहे. शुगर तपासून झाली आहे, ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी ११२, म्हणजे ठीक. २० व्या आठवड्यातला स्कॅनही व्यवस्थित होता. फक्त बाळ सध्या आडवं आहे.

मोठा मुलगा नॉर्मल झाला होता, नाशिकला माहेरी, कळा सुरू झाल्यापासून पाच तासांत. त्यामुळे या वेळीही तसंच होईल असं मी धरूनच चालले होते. डॉक्टर म्हणतात, "नॉर्मलला माझी हरकत नाही, पण घरी कळा काढत बसायचं नाही. दोन आठवड्यांनी बघू." हे 'बघू' काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

घरी वेगळाच प्रकार. सासूबाई माझे पाण्याचे पेले मोजतात. नवरा रात्री दोन वाजता मोबाइलवर काहीतरी वाचतो आणि सकाळी माझ्याकडे असं बघतो की मीच त्याला धीर देते. पोट एवढं आलंय की रिक्षावाले विचारतात, "जुळं का ताई?"

कोणाची पाणी जास्त असताना नॉर्मल झाली आहे का? नेमकं काय काय होतं? खरं खरं सांगा, गोड गोड नको.

तिखटमीठ
माझी झाली. एएफआय ३१, मुलगी ३.८ किलो, नॉर्मल. सविस्तर रात्री लिहिते. आत्ता तीच मुलगी मांडीवर बसून कीबोर्ड बडवतेय.

खवचट_खंडू
धाग्याच्या विषयात पुरुषांनी तोंड घालू नये हे कळतं, तरी एक किस्सा. बायकोच्या वेळी डॉक्टर माझ्या वडिलांसमोर म्हणाल्या, "लायकर जरा जास्त झालंय." वडील वारकरी, गळ्यात माळ. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "बाई, आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी शिवलेलं नाही!"

समजूत घालायला मला अर्धा तास लागला. मुलगा आता आठवीत आहे. कसा झाला ते विचारू नका, मला बाहेरच उभं केलं होतं.

पैठणची_पोर
खंडू, खिक्!! ऑफिसात हसू दाबून वाचतेय.

मालतीआजी
जाई, तुला भिववायचं नाही. पण तू खरं खरं सांगा म्हणालीस म्हणून सांगते.

माझ्या थोरल्या जावेचं पोट असंच मोठं होतं. १९६८ साल. सगळे जुळं जुळं म्हणत होते. सुईण हुशार होती, तिने पोट चाचपून सांगितलं, एकच आहे आणि पाण्यात पोहतंय. बाळंतपण घरीच झालं, मुलगा चांगला रडला, वारही पडली. सुईण हात धुवायला गेली आणि मग जावेचं अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. बैलगाडी जुंपून तालुक्याला नेली. वाटेतच गेली. त्या मुलाला मी वाढवलं, आता त्याला नातवंडं आहेत.

तेव्हा आम्ही म्हणायचो, पाण्याने घात केला. पाण्याने नाही, अंतराने केला. तुला दवाखाना किती लांब आहे ते आधी सांग.

जाईजुई_
आजी, वाचून काटा आला. दवाखाना १५ मिनिटांवर आहे, रहदारी असली तर ४०.

निसर्गमित्र७
ताई, घाबरू नका. पाणी कमी प्या, मीठ पूर्ण बंद करा. पुनर्नव्याचा काढा सकाळ-संध्याकाळ घ्या, जादा पाणी लघवीवाटे निघून जाईल. माझ्या मावसबहिणीला गुण आला होता.

स्टेथोवाली
निसर्गमित्र, कृपा करून असले सल्ले गरोदर बाईला देऊ नका. तिच्या लघवीवाटे बाळाच्या पिशवीतलं पाणी निघत नाही. मावसबहिणीचं पाणी आपोआप कमी झालं असणार. माइल्ड केसमध्ये असं पुष्कळदा होतं, श्रेय काढ्याला मिळतं.

मी तालुक्याच्या गावात २२ वर्षं बाळंतपणं करतेय. जाई, तुझे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुझ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण विषय समजून घे, म्हणजे त्या 'बघू'चा अर्थ लागेल.

शेवटच्या महिन्यांत गर्भजल म्हणजे बहुतांशी बाळाची लघवी. बाळ ते पाणी गिळतं, परत लघवी करतं, दिवसाला अर्धा-एक लिटर असं चक्र चालू असतं. चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास पिशवीत साधारण ८०० मिली ते लिटरभर पाणी असतं. लघवी जास्त झाली किंवा गिळणं कमी पडलं की पाणी साचतं. म्हणून आधी आईची शुगर बघतात, कारण तिची साखर वाढली की बाळाचीही वाढते आणि ते जास्त लघवी करतं. मग बाळाची अन्ननलिका, आतडी, मेंदू बघतात, गिळायला अडथळा आहे का ते कळावं म्हणून. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटिबॉडीज, जुळं असेल तर त्याचे प्रश्न वेगळे. एवढं सगळं करूनही निम्म्याहून जास्त वेळा कारण सापडत नाही, आणि बाळ ठणठणीत निघतं. सासूबाईंना सांग, पेले मोजू नका. तहान लागली की पाणी प्यायचं.

एएफआय म्हणजे पोटाचे चार भाग करून प्रत्येकातली पाण्याची सगळ्यात खोल जागा मोजायची आणि चारही सेंटिमीटर मिळवायचे. २४-२५च्या वर गेलं की जास्त, ३० पर्यंत माइल्ड, ३५च्या पुढे खूप जास्त. बाळाने कूस बदलली की आकडा बदलतो, मोजणारा बदलला तरी बदलतो. २७चं २५ झालं म्हणून पेढे वाटू नका आणि २८ झालं म्हणून रडू नका.

आता मूळ प्रश्न. नुसतं पाणी जास्त, तेही माइल्ड आणि कारण न सापडलेलं, एवढ्यावरून सिझर करायचं नसतं. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिनने २०१८ मध्ये जे मार्गदर्शन दिलं, त्यातही हेच आहे: आपोआप कळा येऊ द्या, आणि कळा सुरू करायच्याच असतील तर दुसरं काही कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आधी नको.

मग डॉक्टर सावध का? बाळाला पोहायला जागा फार असते. डोकं खाली टेकत नाही, आज उभं तर उद्या आडवं. अशात पाणमोट फुटली तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ आधी बाहेर येऊ शकते. पाणी एकदम ओसरलं तर क्वचित वार बाळाआधीच सुटते. आणि फार ताणलेली पिशवी बाळंतपणानंतर नीट आवळत नाही, रक्तस्राव होतो. आजींच्या जावेचं बहुधा तेच झालं. आज बाळ बाहेर आल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात, पिशवी चोळतात, रक्त तयार ठेवतात. १९६८च्या त्या बैलगाडीत यातलं काहीच नव्हतं.

बाळ आडवंच राहिलं तर मात्र सिझर. त्यात वाद नाही.

पैठणची_पोर
डॉक, हे फ्रेम करून सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर लावायला हवं. तिथे नुसता कागद हातात देतात आणि "पुढचे या".

खवचट_खंडू
म्हणजे धरण शंभर टक्के भरलंय आणि दरवाजे एकदम उघडायचे नाहीत. आम्ही पुणेकर दर पावसाळ्यात हेच ऐकतो. खडकवासल्यातून विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवणार, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.

स्टेथोवाली
खंडू, थट्टेत म्हणालात, पण करतो अगदी तेच. डोकं नीट खाली बसलं नसेल आणि पाणमोट फोडायची वेळ आली, तर आम्ही ऑपरेशन थिएटर तयार ठेवून फोडतो. एकजण पोटावरून बाळाचं डोकं खाली धरून ठेवते, दुसरी बारीकसं भोक पाडते आणि हात तिथेच ठेवते, पाणी हळूहळू सोडते. नाळ लागत नाही ना ते बोटाने बघत राहते. नदीकाठची नागरिक म्हणजे मी. माझी चप्पल दर वेळी भिजते.

तिखटमीठ
हं, झोपली एकदाची.

माझं पहिलंच बाळंतपण. ३२ व्या आठवड्यात एएफआय २६, ३६ व्यात ३१. मला शुगर निघाली होती, पथ्यावर होते, इन्सुलिन लागलं नाही. शेवटचा महिना उशांच्या डोंगरावर बसून झोपले. आडवी झाले की श्वास वर लागायचा, जिना चढले की धाप. पायावर सूज, चपला नवऱ्याच्या घालायची.

३८ आठवडे ५ दिवस. डॉक्टर म्हणाल्या, शुगर आहे, जास्त थांबायला नको, सुरू करू. कळांची गोळी ठेवली. बारा तास काहीच नाही. डॉक्टर म्हणाल्या, पिशवी इतकी ताणली आहे की तिला जोरच लावता येत नाहीये. जास्त फुगवलेल्या फुग्यासारखी. मग कळांचं सलाईन. मग तपासून पाणमोट फोडली, आणि काय सांगू. गादी, चादर, नर्सबाईंचे बूट, पलंगाखालची माझी पिशवी, पिशवीतला बाळाचा झबला-टोपी, सगळं. नर्सबाई म्हणाल्या, "अगं, विहीर होती की काय?" मी कळांतही हसले.

पाणी गेल्यावर पोट चक्क लहान झालं आणि कळा एकदम खऱ्या झाल्या. आधीच्या बारा तासांत मी उगाच हुश्श म्हणत होते. पुढच्या सहा तासांत मुलगी. टाके पडले, बरेच. रक्तस्राव जास्त झाला, दोन इंजेक्शनं आणि काही गोळ्या दिल्या, पोट इतकं जोरात चोळलं की कळांपेक्षा ते जास्त लक्षात राहिलंय. रक्त चढवायची वेळ आली नाही, पण बाटली आणून ठेवली होती. हिमोग्लोबिन ११.४चं ८.९ झालं. महिनाभर लोहाच्या गोळ्या आणि खजूर.

हे सगळं झालं तरी मी पुन्हा नॉर्मलच निवडेन. पण हेही खरं की रक्ताची सोय नसलेल्या ठिकाणी निवडणार नाही.

रानजाई
माझं मत वेगळं आहे आणि ते कोणाला आवडलं नाही तरी लिहिणार आहे.

मलाही असंच सांगितलं होतं, माइल्ड आहे, काळजी नको. ३७ वा आठवडा. डोकं खाली होतं, पण वरच तरंगत होतं, हे मला नंतर कळलं. रात्री साडेअकराला बाथरूममध्ये पाणमोट फुटली. नुसता धो धो आवाज. आणि मग पायाला काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. हात लावला तर दोरीसारखं. धडधडत होतं.

मला काय करायचं कोणी सांगितलेलं नव्हतं. नणंद नर्सिंग शिकत होती, तिने मला जमिनीवर गुडघ्यांवर ओणवं केलं, डोकं खाली, ढुंगण वर, आणि ओरडली की हलायचं नाही. १०८ ला फोन. गाडीतही तशीच. दवाखान्यात पोचल्यावर कोणीतरी हात आत घालून बाळाचं डोकं वर ढकलून धरलं आणि तसंच थिएटरमध्ये नेलं. पूर्ण भूल. मुलगा काळानिळा आला, चार दिवस काचेच्या पेटीत. आज चार वर्षांचा आहे, बडबड्या आहे.

त्यामुळे 'नॉर्मल व्हायलाच हवी' हा हट्ट मला कळत नाही. कोणाला काय पदक मिळतं? दुसऱ्या वेळी पाणी अगदी बेताचं होतं, तरी मी स्वतः सिझर मागितलं आणि शांत झोपले.

जाईजुई_
रानजाई, तुमचं तीनदा वाचलं. हट्ट नाही हो माझा. पहिला मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला उचलायचं असतं, सिझरनंतर कसं करू ही भीती आहे. पण नाळेचं मला डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं. की सांगितलं आणि मी ऐकलं नाही, कोण जाणे.

भाऊसाहेब_सांगलीकर
स्पष्ट बोलू का? खासगी दवाखान्यांना निमित्त हवं असतं. आज पाणी जास्त, उद्या पाणी कमी, परवा नाळ गळ्याभोवती. २०१९-२१ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा. देशात सिझर २१.५ टक्के. सरकारी दवाखान्यात १४.३ आणि खासगीत ४७.४. बाळाला काय माहीत आपण खासगीत आहोत ते?

रानजाई
भाऊसाहेब, आकडे तुमच्यापाशी ठेवा. माझ्या हाताला नाळ लागली होती.

स्टेथोवाली
दोघांचंही खरं आहे आणि तरीही भांडण चुकीचं आहे. आकडे बरोबर आहेत, आमच्या धंद्यात लबाड लोक आहेत, मी नाकारत नाही. सरकारी दवाखान्यातून गुंतागुंतीच्या केसेस दुसरीकडे पाठवतात हाही त्यातला भाग आहे, पण तेवढ्याने ४७ होत नाहीत. म्हणून जाईने डॉक्टरांना 'सिझर करणार का' असं विचारूच नये. तिने विचारावं की डोकं टेकलंय का, आणि टेकलं नसेल तर पाणमोट घरी फुटल्यावर मी काय करायचं. यावर डॉक्टर नीट उत्तर देतात की उडवून लावतात, त्यावरून तुला पुष्कळ कळेल.

रानजाई, तुमच्या नणंदेने केलं ते पुस्तकात लिहिलंय तसंच होतं. तिला माझा नमस्कार सांगा. इतरांसाठी: नाळ लागली तर ती आत ढकलायची नाही, चिवडायची नाही, ओणवं व्हायचं, फोन करायचा, आणि उभं राहून चालायचं नाही. नाळ न लागताही पाणी गेलं, तर पाणी जास्त असलेल्या बाईने पॅड लावून, डाव्या कुशीवर आडवं होऊन लगेच निघायचं. चहा नंतर.

यॉर्कशायरकर
इकडचा, इंग्लंडातला अनुभव. माझी एएफआयऐवजी सगळ्यात खोल एकच जागा मोजायचे, ती ९.४ सेंमी होती, ८च्या वर म्हणजे जास्त. मला सुइणींच्या बर्थ सेंटरमध्ये, पाण्याच्या टबात बाळंत व्हायचं होतं. सुईणबाई म्हणाल्या, तुझ्या आतलंच पाणी पुरेसं आहे, तू लेबर वॉर्डात ये.

३७ व्या आठवड्यात बाळ एका आठवड्यात तीनदा फिरलं. मला विचारलं, वॉर्डात येऊन राहतेस का? मला वाटलं काहीतरी भयंकर झालंय. नंतर कळलं, बाळ असं सारखं फिरत असेल तर ३७ आठवड्यांनंतर दाखल व्हायचा पर्याय इथे समोर ठेवतात, ते रानजाईंनी लिहिलं त्यामुळेच. आठ दिवस राहिले, कंटाळून एक स्वेटर विणला. नवव्या दिवशी डोकं खाली येऊन टेकलं, कळा आपोआप आल्या, नॉर्मल झाली. बिनवायरचा मॉनिटर लावून फिरू दिलं. आई व्हिडिओ कॉलवर कोल्हापुरातून ओरडत होती, "लोटू नको अजून!"

एक गोष्ट जाईला सांगायची राहू नये. बाळ झाल्यावर पहिलं दूध पाजायच्या आधी त्यांनी तोंडातून एक बारीक नळी पोटापर्यंत घालून बघितली. मी चिडले होते. कशासाठी ते नंतर समजलं.

शब्दवेडी_
ती नळी कशासाठी ते मी सांगते.

माझं पाणी ३० व्या आठवड्यानंतर वाढत गेलं. २० आठवड्यांचा स्कॅन स्वच्छ. सगळे म्हणाले, माइल्ड आहे, कारण सापडत नाही, होतं असं. नॉर्मल झाली, मुलगी रडली, गुलाबी होती. पण तोंडातून सारखा फेस येत होता. एक वयस्कर सिस्टर म्हणाल्या, थांबा, अजून अंगावर घेऊ नका. नळी घातली तर ती मध्येच अडली. तिची अन्ननलिका पोटापर्यंत पोचलीच नव्हती, वरचं टोक बंद होतं. म्हणूनच ती पोटात पाणी गिळू शकत नव्हती आणि पाणी साचत होतं.

पाजलं असतं तर दूध फुफ्फुसात गेलं असतं. दुसऱ्या दिवशी मुंबईला ऑपरेशन. २६ दिवस आत. आज सात वर्षांची आहे. अजून घास बारीक चावून, सावकाश खाते. वर्गातल्या मुली डबा संपवून खेळायला जातात तेव्हा हिची अर्धी पोळी उरलेली असते. पाणीपुरी मात्र पहिली संपवते, कशी ते देव जाणे.

डॉक्टरांनी लिहिलंय ते बरोबर आहे, बहुतेक बाळं ठणठणीत असतात. माझी 'बहुतेक'मधली नव्हती. सिझर की नॉर्मल याने आम्हाला काडीचा फरक पडला नसता. त्या सिस्टरने पडला. जाई, बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेव, पाणी जास्त होतं, नळी घालून बघा.

पैठणची_पोर
शब्दवेडी __/\__ त्या सिस्टरांना आणि तुझ्या लेकीलाही.

मालतीआजी
पोरीला माझ्याकडे पाठव, मी तिला मऊ भात आणि मेतकूट घालीन. घाई नाही काही.

जाई, तुला बाळंतविड्याचं करायला कोणी आहे का? या दिवसांत अळिवाचे लाडू आधी करून ठेवू नयेत, ओलं खोबरं असतं, टिकत नाहीत. डिंकाचे करून ठेव.

तिखटमीठ
आजी, अळिवाचे माझे दर वेळी चिकट होतात, प्रमाण द्या ना!

खवचट_खंडू
मालतीआजी, लाडूचा वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. डिंकाच्या लाडवात खारीक पूड की अख्खी, यावर शंभर प्रतिसाद नक्की.

भाऊसाहेब_सांगलीकर
खारीक पूडच. यावर चर्चा नाही.

जाईजुई_
सगळ्यांना अपडेट. ३७ आठवडे १ दिवस. परवा गेले होते. वहीत प्रश्न लिहून नेले, डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "कोणी शिकवलं?" मी म्हटलं, ओळखीच्या बायकांनी.

एएफआय २६. बाळ आता उभं आहे, डोकं खाली, पण अजून टेकलेलं नाही. निश्चित तारीख नाही, पण बेत ठरलाय. दर तीन दिवसांनी तपासणी. रहदारीची भीती म्हणून ३८ व्या आठवड्यापासून दवाखान्यामागच्या गल्लीत चुलत दिरांकडे राहायला जायचं. डोकं टेकलं आणि कळा आल्या तर छानच. ३९ झाले तरी नाही आल्या तर दाखल होऊन खंडूभाऊंचा विसर्ग. त्याच वेळी डोकं सटकलं तर सिझर, आणि मी सही आधीच करणार आहे. दोन रक्तदाते सांगून ठेवलेत. मला ओणवं करायचा नवऱ्याचा सराव झाला, त्यात मोठा मुलगा माझ्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळला.

सासूबाईंना डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. बाळाच्या लघवीपर्यंत आल्यावर त्यांनी कानावर हात ठेवले. पण पेले मोजणं थांबलंय.

रानजाई
आता मला बरं वाटलं. खूप शुभेच्छा. काही झालं तरी कळव.

यॉर्कशायरकर
गादीवर टाकायला रबरी कापड नेच. दोन ने.

जाईजुई_
मुलगी!! ३.३ किलो. आज दहावा दिवस, एका हाताने लिहितेय.

३९ आठवडे पूर्ण होईपर्यंत कळा नाहीत. दाखल झाले. सकाळी डोकं बरंच खाली होतं, तरी डॉक्टरांनी थिएटरला लागून असलेल्या खोलीतच घेतलं. स्टेथोवाली, तुम्ही लिहिलंत तसंच. एक सिस्टर पोटावरून दाबून उभी, डॉक्टरांचा हात खाली, आणि पाणी बारीक धारेने. बाहेर नवऱ्याला वाटलं नळ उघडा राहिलाय. सुमारे २० मिनिटं चाललं. मधे एकदा बाळाचे ठोके कमी झाले, सगळ्या गप्प झाल्या, मला डाव्या कुशीवर वळवलं, परत वर आले. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही.

मग थोडं कळांचं सलाईन, आणि चार तासांत ती. पहिल्यापेक्षा सोपं होतं असं म्हणणार नाही, कळा पाठीत होत्या. इंजेक्शन लगेच दिलं, तरी रक्त जास्त गेलंच, जिभेखाली आणि खालून गोळ्या, पोट चोळणं. तिखटमीठ, चोळण्याबद्दल तू लिहिलं होतंस ते शंभर टक्के खरं. रक्त चढवलं नाही.

नळी घातली. सरळ पोटात गेली. शब्दवेडी, त्या क्षणी तुझ्या लेकीची आठवण आली आणि मी रडायला लागले, सिस्टरना वाटलं मला दुखतंय.

काय कारण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाई म्हणतात, मुलगी पाण्याची आहे, नाव गोदावरी ठेवा. नवरा विरोधात आहे.

शब्दवेडी_
आत्ता मी रडतेय. गोदावरीच ठेव.

स्टेथोवाली
अभिनंदन! हिमोग्लोबिन बघून घे आणि गोळ्या मधेच सोडू नकोस. सहाव्या आठवड्यानंतर एकदा स्वतःची शुगर परत तपास, नॉर्मल आली असली तरी.

खवचट_खंडू
विसर्ग यशस्वी. नदीकाठच्या नागरिकांच्या चपलांचं काय झालं?

जाईजुई_
सिस्टर गमबूट घालून आल्या होत्या. अनुभवी आहेत.

मालतीआजी
गोदूला आशीर्वाद. तिखटमीठ, तुझं राहिलंच होतं. अळीव ५० ग्रॅम, एका मोठ्या नारळाचं खोबरं आणि त्याचंच पाणी, गूळ खोबऱ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजव, मग सगळं एकत्र करून मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळ. तुझे चिकट होतात कारण तू लवकर उतरवतेस. जायफळ शेवटी. आणि भिजवायला पातेलं मोठं घे, ते फार पाणी पितात.